टीआरएस-८० मॉडेल १००: आधी बोर्डावरची बॅटरी काढा, बाकीचं मग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आत्याचे यजमान न्यू जर्सीत पुलांच्या कामावर इंजिनिअर होते. ते गेल्यावर आत्यानं त्यांचा टॅन्डी कंपनीचा टीआरएस-८० मॉडेल १०० हा जुना, सेलवर चालणारा छोटा कॉम्प्युटर तुमच्याकडे कोल्हापूरला पाठवला. मशीन किमान पंचवीस वर्षं माळ्यावर पडून होतं. तुम्ही नवे पेन्सिल सेल घातले, पण काहीच झालं नाही. आता सोबत आलेला अडॅप्टर लावून बघू का, आतली बॅटरी कुठली घालायची, आणि काकांच्या साइटवरच्या नोंदी अजून आत असतील का, असं तुम्ही विचारलंय.

अडॅप्टर लावू नका. आज तर नाहीच, आणि तो अडॅप्टर कधीच नाही. त्या काळच्या अमेरिकन अडॅप्टरात १२० व्होल्टचा साधा ट्रान्सफॉर्मर असतो. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटात घातला की दोन मिनिटांत घरभर वास सुटेल. दुसरी मेख पिनची. या मशीनला ६ व्होल्ट, ४०० मिलिअँपिअरचा आणि मधली पिन निगेटिव्ह असलेला अडॅप्टर लागतो. बाजारात हल्ली मिळणाऱ्या बहुतेक अडॅप्टरांची मधली पिन पॉझिटिव्ह असते. त्यामुळे उद्या नवा आणलात तरी आधी मल्टिमीटर लावून पिन तपासा, मगच मशीनला जोडा.

घातलेले पेन्सिल सेलही काढून ठेवा. ते मशीन चालवतात हे खरं, पण मशीन बंद असतानासुद्धा आतल्या एका छोट्या बॅटरीला चार्ज करत बसतात. तुमच्या मशीनचं सगळं दुखणं बहुधा त्या छोट्या बॅटरीतच आहे.

मॉडेल १०० जपानच्या क्योसेरानं बनवलेलं, १९८३ चं. यात हार्ड डिस्क नाही, फ्लॉपी नाही. जे काही टाइप कराल ते थेट रॅममध्ये राहतं, आणि मशीन बंद केलं तरी तिथंच राहतं. ते टिकावं म्हणून बोर्डावर ३.६ व्होल्ट, ५० मिलिअँपिअर-तासांची निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली आहे. पेन्सिल सेल संपले, बदलायला काढले, की तेवढा वेळ रॅमला हीच सांभाळते. टॅन्डीच्या पुस्तिकेत हिशोब दिलाय: ८ के (किलोबाइट) रॅम असेल तर साधारण ३० दिवस, ३२ के असेल तर ८ दिवस. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

निकेल-कॅडमियम बॅटरी पंचवीस वर्षं बेवारस पडली की गळते. आत पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण असतं. ते सीलमधून पाझरतं, पायांवरून बोर्डावर उतरतं, हिरव्या लॅकरच्या खाली शिरतं आणि तांब्याचे ट्रॅक हळूहळू खातं. मेलेली बॅटरी थोड्या पैशांचं काम आहे. गळलेली बॅटरी आणखी वर्षभर तशीच ठेवली तर बोर्ड जातो. म्हणून बाकी सगळं सोडून आधी ती बाहेर काढायची.

खालच्या बाजूचे चार स्क्रू काढा. झाकण ताकदीनं उपसू नका. वरच्या भागात डिस्प्ले आणि कीबोर्ड आहेत, आणि त्यांच्या वायरी खालच्या बोर्डाला जोडलेल्या आहेत. पुस्तक उघडल्यासारखं हळू उघडायचं, वायरी कुठून कुठे जातात त्याचे मोबाइलवर फोटो काढायचे, मग कनेक्टर सोडवायचे. बॅटरीजवळचा एक फोटो अगदी जवळून घ्या, बोर्डावरची प्लस-मायनसची खूण दिसेल असा. पुढे ती खूण गंजाखाली वाचता येत नाही.

काय दिसेल ते सांगतो. बॅटरीच्या बुडाशी मिठासारखी पांढरी पूड असेल. त्याच्या कडेला निळसर-हिरवा थर, आणि जवळच्या एक-दोन आयसींच्या (चिपच्या) पायांची चकाकी गेलेली असेल. पूड कोरडी दिसली तरी हात लावू नका. त्यात कॅडमियम असू शकतं आणि अल्कली कातडीला भाजते. हातमोजे, चष्मा, आणि खिडकी उघडी.

इथे एक चूक सर्रास होते. बॅटरी गळाली म्हटलं की लोक खाण्याचा सोडा घेऊन धावतात. सोडा ॲसिडवर चालतो, म्हणजे गाडीच्या किंवा इन्व्हर्टरच्या लेड-ॲसिड बॅटरीवर. इथे गळालेलं द्रव्य स्वतःच अल्कली आहे, त्यावर सोडा टाकून काहीच साधत नाही. साधं पांढरं व्हिनेगर घ्या. कानात घालतो त्या कापसाच्या काडीनं डागावर लावा आणि भिंग धरून बघा. बारीक बुडबुडे येतील. गळालेली अल्कली हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कार्बोनेट झालेली असते, व्हिनेगर लागलं की तोच वायू परत निघतो. बुडबुडे थांबेपर्यंत काड्या बदलत राहा. बुडबुडे थांबले म्हणजे तिथली अल्कली संपली. लगेच डिस्टिल्ड वॉटरनं दोनदा पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, आणि रात्रभर पंख्याखाली ठेवा. व्हिनेगर तसंच ठेवलंत तर तेही तांब्याला सोडत नाही.

आता बॅटरी काढणं. माझ्या हातून पहिल्या मशीनमध्ये झालेली चूक सांगतो. सोल्डर वितळत नव्हतं म्हणून मी सोल्डरिंग आयर्न जास्त वेळ धरून ठेवलं आणि वरून बॅटरी पक्कडीनं ओढली. पाय निघाला, त्याच्यासोबत तांब्याची टिकलीही निघाली आणि थोडा ट्रॅक सोलून आला. गंजलेल्या सांध्याला उष्णता नीट पोचत नाही, हे तेव्हा कळलं नव्हतं. आता मी आधी व्हिनेगर आणि पाण्यानं सफाई करतो, मग फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारं द्रव्य) लावून त्याच सांध्यावर ताजं ६०/४० कथील-शिशाचं सोल्डर भरतो. जुनं आणि नवं एकजीव झालं की ते चटकन वाहतं. शक्य असेल तर कटरनं बॅटरीचे पाय वरच्या बाजूनंच कापा आणि राहिलेले तुकडे एकेक करून काढा. घाई इथे महागात पडते.

बॅटरी निघाली की तिच्या खालची जागा परत तपासा. खरा मार तिथेच लपलेला असतो. ट्रॅक काळा पडलाय म्हणजे तुटलाच असं नाही आणि हिरवा दिसतोय म्हणजे धड आहे असंही नाही, डोळ्यांवर विसंबू नका. मल्टिमीटर बीपवर ठेवा आणि प्रत्येक ट्रॅक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाजवून बघा. बोर्डाच्या दोन बाजू जोडणारी बारीक भोकं असतात, ती विशेष जपून तपासा, कारण आतून खाल्लेलं भोक वरून ठणठणीत दिसतं. जिथे बीप येत नाही तिथे बारीक एनॅमल्ड वायरचा जंपर टाका. दिसायला कसाही असो, झाकण लागल्यावर कोण बघतंय.

मग नवी बॅटरी कुठली? माझी पसंती ३.६ व्होल्ट, ८० मिलिअँपिअर-तासांच्या निकेल-मेटल-हायड्राइड पॅकला. तीन बटन सेल एकावर एक असतात त्याला. वार्ताचा ३/व्ही८०एच हा त्यातला ठरलेला पॅक. रसायन जुन्याच्या जवळचं, व्होल्टेज तेच, त्यामुळे मशीनची चार्जिंगची सोय तशीच चालते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर बॅटरीवाल्यांकडे विचारा, ऑनलाइनही मिळतो. कॉर्डलेस फोनचा ३.६ व्होल्टचा पॅकही विजेच्या हिशोबानं चालेल, पण तो जाड असतो, आधी जागा मोजा.

मशीन त्या बॅटरीला एका रेझिस्टरमधून अखंड थेंबथेंब चार्ज देत असतं. पुरे झालं हे त्याला कळत नाही, सर्किट तेवढं हुशार नाही. निकेल-कॅडमियम ते सहन करतं. हायड्राइडला सतत चार्ज क्षमतेच्या तिसाव्या हिश्श्याच्या आसपासच सोसतो. म्हणून बसवल्यावर त्या रेझिस्टरच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज मोजा, त्याला रेझिस्टरच्या ओहमनं भागा, करंट कळेल. ८० च्या पॅकला अडीच-तीन मिलिअँपिअरपर्यंत ठीक. जास्त येत असेल तर मशीन दिवसरात्र अडॅप्टरवर ठेवायची सवय लावू नका, एवढंच.

हमखास सुचवला जाणारा दुसरा उपाय म्हणजे घड्याळाच्या दुकानातला सीआर२०३२ बटन सेल. तो घालू नका. तो चार्ज होण्यासाठी बनलेलाच नाही आणि हे मशीन त्याला चार्ज करायला बघणार. फुगेल किंवा फुटेल. मध्ये डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) टाकून चार्ज अडवता येतो हे खरं, पण मघाचा हिशोब घ्या. ५० मिलिअँपिअर-तास ८ दिवसांत संपतात म्हणजे ३२ के रॅम साधारण पाव मिलिअँपिअर पिते. सीआर२०३२ मध्ये असतात २२० च्या आसपास. म्हणजे महिना-सव्वा महिना, आणि मग पुन्हा मशीन उघडा. एवढ्यासाठी डायोड सोल्डर करायचा का? त्याचा चार्ज होणारा भाऊ एलआयआर२०३२ तर त्याहून वाईट. तो ४.२ व्होल्टला थांबवावा लागतो, आणि ताज्या अल्कलाइन सेलांचे ६ व्होल्ट मागे असताना त्याला थांबवणारं या मशीनमध्ये कुणी नाही.

सुपरकपॅसिटरचा, म्हणजे बॅटरीसारखी वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरचा, मार्ग मात्र मला आवडतो, विशेषतः जे लोक मशीन वर्षातून दोनदा काढतात त्यांच्यासाठी. १ फॅराडचा, ५.५ व्होल्टचा घेतलात तर त्याच पाव मिलिअँपिअरच्या हिशोबानं दोन-तीन तास रॅम धरून ठेवतो. पेन्सिल सेल बदलायला दोन मिनिटं लागतात, त्यामुळे तेवढं भरपूर झालं. बदल्यात बोर्ड खाणारं पोटॅशियम हायड्रॉक्साइड मशीनमधून कायमचं गेलं. तुमचं मशीन आठवण म्हणून जपायचं असेल, रोज लिहायला नसेल, तर हाच घाला.

हायड्राइडचा पॅक घाला की सुपरकपॅसिटर, तो बोर्डाला थेट सोल्डर करू नका. बोर्डापासून दोन बारीक वायरी बाहेर आणा, लाल-काळ्या, चारेक इंच. पॅकवर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा आणि तो दुहेरी फोम टेपनं केसच्या रिकाम्या कोपऱ्यात चिकटवा. हायड्राइडचा पॅकही आज ना उद्या गळणार, तेव्हा तो प्लास्टिकवर गळू दे. कारखान्यात तो बोर्डावर होता म्हणून आपणही तिथंच ठेवायचा, हा सोवळेपणा मला पटत नाही.

आता वीज द्यायची वेळ. घरी करंट अडवणारा पॉवर सप्लाय नसेल तर आपल्याकडच्या जुन्या रेडिओवाल्यांची सिरीज बल्बची युक्ती वापरा. टॉर्चचा ६ व्होल्ट, अर्ध्या अँपिअरचा बल्ब पेन्सिल सेल आणि मशीन यांच्यामध्ये सिरीजमध्ये जोडा. मशीन धड असेल तर ते शंभरच्या आसपास किंवा त्याहून कमी मिलिअँपिअर घेतं, बल्बची तार जेमतेम लालसर होईल किंवा होणारही नाही. बल्ब लख्ख पेटला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच काढा.

चालू करण्याआधी मशीनच्या पोटाखाली बघा. तिथे मेमरी पॉवर लिहिलेला एक छोटा, आत दबलेला खटका आहे. तो ऑफ असेल तर मशीन चालूच होत नाही, सेल कितीही नवे असोत. तुमच्या काकांसारख्या शिस्तीच्या माणसानं ठेवून देताना तो ऑफ केला असण्याची दाट शक्यता आहे. तसं असेल तर तुमचं पहिल्या दिवशीचं अपयश तेवढ्यानंच झालं. तरी मशीन उघडलंत ते वाया नाही. खटका ऑफ असला तरी जुनी बॅटरी गळायची थांबत नाही.

खटका ऑन करा, कंट्रोल आणि ब्रेक या कळा दाबून धरा, मागचं रीसेटचं बटण दाबा. यानं रॅम पूर्ण पुसून मशीन नव्यानं सुरू होतं. पडद्यावर बेसिक, टेक्स्ट, टेलकॉम अशी नावं आणि खाली मोकळ्या बाइट्सचा आकडा येईल. ३२ के मशीनमध्ये तो २९६३८ असतो. कमी दिसला तर रॅमचं एखादं मॉड्यूल बसवलेलंच नाही किंवा त्याच्या पायांना गंज आहे. साल १९०० च्या घरात दिसेल, घाबरू नका. आणि चालू साल टाकायला गेलात तर पुढचे दोन आकडे १९ च राहतील. ते रॉममध्येच, म्हणजे कारखान्यातून भरून आलेल्या न बदलणाऱ्या मेमरीतच, कोरलेले आहेत. या रॉमचा बराचसा कोड बिल गेट्सनं स्वतः लिहिलाय, तेव्हा तक्रार कुठे करायची ते तुम्ही ठरवा.

पडदा कोरा राहिला तर? बाजूची डिस्प्लेची चकती दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघा. तरी कोरा असेल तर आंधळी चाचणी करा. सुरू होताना कर्सर बेसिकवरच असतो. एंटर दाबा, बी-ई-ई-पी टाइप करा, पुन्हा एंटर. मशीननं आवाज दिला तर प्रोसेसर, रॉम, कीबोर्ड सगळं जिवंत आहे, आणि दोष डिस्प्लेला लागणाऱ्या उणे ५ व्होल्टच्या सप्लायमध्ये असणार. तिथले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर चाळीस वर्षांत सुकतात किंवा तेही गळतात. बोर्ड हातात आहेच तर पॉवर सप्लायमधले सगळे एकदम बदला, स्वस्त माल आहे. नवे आणण्यापूर्वी प्रत्येकावर छापलेले आकडे आणि प्लस-मायनसची दिशा लिहून घ्या.

रोजच्या वापराला चार्जेबल पेन्सिल सेल चालतात. चार सेलांचे ४.८ व्होल्ट मशीनला पुरतात. अल्कलाइनवर २० तासांचा दावा होता, चांगल्या २००० मिलिअँपिअर-तासांच्या हायड्राइड सेलांवर मला जवळपास तेवढेच मिळतात. फरक एवढाच की हे सेल शेवटपर्यंत सपाट चालतात आणि मग एकदम बसतात, त्यामुळे लो बॅटरीचा लाल दिवा लागल्यावर हातात वेळ कमी राहतो. मशीनचा अडॅप्टर पेन्सिल सेलांना चार्ज करत नाही, ते बाहेरच्या चार्जरमध्येच घालायचे. महिनाभरापेक्षा जास्त ठेवून देणार असाल तर सेल काढा आणि पोटाखालचा खटका ऑफ करा, नाहीतर रॅम छोट्या बॅटरीला तळापर्यंत चोखते आणि तीच बॅटरी गळायची सुरुवात असते.

काढलेली निकेल-कॅडमियम बॅटरी घंटागाडीत टाकू नका. पिशवीत बांधून ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

हे सगळं वाचून कुणी आपल्या दुसऱ्याच जुन्या मशीनला लावू नये म्हणून दोन ओळी. १९८९ च्या मॅकिंटॉश पोर्टेबलमध्ये ६ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी आहे, आणि ती मेलेली असेल तर अडॅप्टर लावूनही ते मशीन सुरू होत नाही. त्याला आपल्या वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यातली ६ व्होल्ट, ४.५ अँपिअर-तासांची बॅटरी वायरी काढून बाहेरून जोडली तर चाचणीपुरतं काम होतं. आणि तिथे गळती असेल तर मात्र सोडाच लागतो. नव्वदच्या दशकातल्या लॅपटॉपच्या निकेल पॅकमध्ये सेलांना चिकटलेला थर्मिस्टर (तापमान ओळखणारा भाग) आणि थर्मल फ्यूज असतो, तो जपून नव्या पॅकमध्ये बसवायचा, आणि सेलवर थेट सोल्डर न करता पट्ट्या स्पॉट वेल्ड केलेलेच सेल घ्यायचे. लिथियम-आयनचे जुने पॅक घरी फोडू नका.

राहिल्या काकांच्या नोंदी. रॅममध्ये काही उरलेलं नाही. पेन्सिल सेल संपल्यावर ८ ते ३० दिवसांत ते गेलं, तेव्हा रीसेट करताना हात थरथरू देऊ नका. पण मॉडेल १०० वापरणारे शहाणे लोक आपल्या फाइली साध्या ऑडिओ कॅसेटवर उतरवून ठेवत, मशीनच्या मागे त्यासाठी कॅसेटचं सॉकेट आहे. आत्याला फोन करून विचारा, काकांच्या सामानात काही कॅसेटी आहेत का. गाण्यांच्या समजून बाजूला ठेवलेल्याही बघायला सांगा. लावली की किर्र असा चिरका, सलग आवाज आला तर ती डेटाची. सापडली तर मशीनला देण्याआधी चांगल्या डेकवरून तिचं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर वेव्ह फाइल म्हणून करून घ्या, डेकवरची डॉल्बी (खरखर कमी करणारी सोय) बंद ठेवून. टेप जुनी आहे, दुसऱ्यांदा धड वाजेलच असं नाही. मग ती फाइल हेडफोनच्या जॅकमधून मशीनच्या कॅसेट इनपुटला कितीही वेळा वाजवता येते. पहिल्या वेळी बहुधा एरर येईल. आवाज थोडा वाढवून पुन्हा वाजवा.